गाडीला उतार, माणसाला पायऱ्या

नांदुऱ्याच्या धान्य बाजारामागे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे. तिच्यातल्या शेवटच्या खोलीत मी वाढले, तिथेच अभ्यास केला आणि तिथूनच बी.ए.ला गेले. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवून सांगते, कारण मिरवण्यासारखं आहे. बाबा बाजारात हमाल होते. माय व्यापाऱ्यांच्या ओट्यावर तूर-मूग निवडायला जायची. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की माय त्यावर ओली पोती टाकायची, आणि पोती वाळली की ती परत भिजवायला पाणी नसायचं.

तरी ऊन सोसता येतं. न सोसणारी गोष्ट वेगळी होती. आमच्या रांगेला संडास नव्हता. पुरुष कुठेही जायचे. बायांनी उजाडायच्या आत रुळाच्या पलीकडे जायचं. नांदुरा मेन लाइनवरचं गाव, गाड्यांना तोटा नाही. इंजिनचा उजेड पडला की सगळ्या बाया एकदम उभ्या राहायच्या, साड्या खाली सोडून, पाठ फिरवून. गाडी गेली की परत बसायच्या. मालगाडी सिग्नलला अडकली तर उभंच राहायचं. मी कॉलेजात जाईपर्यंत अशी उभी राहिले आहे. म्हणून कोणी मला नवं घर दाखवायला लागलं की मी हॉलच्या छताकडे मान वर करत नाही. आधी संडास कुठे आहे ते विचारते.

पुढे खोलीमालकाने सगळ्या रांगेत मिळून एक संडास बांधला. मैल्याची टाकी वरच ठेवली, खड्डा खोल करायचा खर्च वाचवला, आणि त्यामुळे संडास तीन उंच पायऱ्यांवर जाऊन बसला. बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली, तेव्हा त्या पायऱ्यांचा अर्थ कळला. काठी घेऊन ते सपाटीवर चालतात. पायरी आली की अडतात. माय त्यांना धरून वर न्यायची, आत उभी राहायची, दार उघडं. खाली रांगेत डबे घेऊन लोक उभे. ज्या माणसाच्या अंगात शंभर किलोचं पोतं उचलायची ताकद होती, तो माणूस जेवण निम्म्यावर आणून बसला. विचारलं तर म्हणायचे, "भूकच नाही लागत व पोरी." भूक लागत होती. जायची वेळ येऊ नये म्हणून खात नव्हते.

मी चिखलीच्या शाळेत भूगोल शिकवते. लग्न केलं नाही, त्याची चर्चा इथे नको. मी राहत होते ती भाड्याची खोली दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे बाबांसाठी ती असून नसल्यासारखी. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत माय-बाबांना घेऊन जिल्हाभर तयार घरं पाहायची, असं ठरवलं. चुलतभाऊ सतीश भाड्याची गाडी चालवतो. तो म्हणाला, "ताई, डिझेल तुझं, तोंड माझं." माझी अट एकच होती. बाबांना घरात एकट्याने शिरता आलं पाहिजे आणि संडासला एकट्याने जाता आलं पाहिजे. एवढ्याशा अटीसाठी अख्खा जिल्हा पालथा घालावा लागेल हे तेव्हा माहीत नव्हतं.

नांदुरा

सुरुवात गावातूनच केली. बायपासकडे नवे लेआउट पडले आहेत. कालपर्यंत जिथे कपाशी होती तिथे आज जांभळी, पोपटी, नारिंगी घरं उभी आहेत, आणि प्रत्येकाच्या कपाळावर दिव्यांच्या पट्ट्या. दलाल बंडूभाऊ आमची वाटच पाहत होते. त्यांनी गाडीत वाकून पाहिलं, बाबांना पाहिलं, सतीशला पाहिलं, आणि मला विचारलं, "साहेब नाही आले का?"

"साहेब मीच," मी म्हटलं.

"नाही म्हणजे... घरातले कोणी निर्णय घेणारे?"

"भाऊ, तुम्ही घर दाखवा. निर्णय घेणारी समोर उभी आहे."

त्यांनी घर दाखवलं. पण दाखवण्याआधीच ते मला दिसलं होतं. जोतं माझ्या छातीएवढं. ज्यांनी आमच्याकडची गावं पाहिली नाहीत त्यांना हे सांगावं लागेल. नगरपालिका जुना रस्ता न खोदता त्याच्यावरच नवा सिमेंट रस्ता ओतते. रस्ता दर खेपेला वर येतो, जुनी घरं खड्ड्यात जातात, पावसाचं पाणी चुलीपर्यंत येतं. म्हणून नवीन बांधणारा माणूस जोतं उंच घेतो. शेजारी त्याच्याहून वीतभर उंच घेतो. तिसरा दोघांहून उंच. पाण्याची भीती पहिल्या वीतभरात संपते, पुढचा सगळा भराव मानाचा. मग पायऱ्यांना जागा उरत नाही, त्या नालीवरून थेट रस्त्यावर उतरतात, एकेक पायरी गुडघ्याएवढी, वर चकचकीत ग्रॅनाइट. कठडा नाही. कठडा लावला तर ग्रॅनाइट झाकला जातो.

पायऱ्यांच्या शेजारी मात्र सिमेंटची एक घसरण होती.

"हे कायले?" मायने विचारलं.

"मोटारसायकल चढवाले," बंडूभाऊ म्हणाले. "आजकाल त्याच्याशिवाय घर विकत नाही."

बाबांनी पायऱ्यांकडे पाहिलं आणि गुपचूप घसरणीकडे वळले. काठी टेकली, दोन पावलं चढले, तिसऱ्याला काठी सटकली. सतीशने मागून काखेत हात घातला म्हणून तोंडावर आपटले नाहीत. तिथेच खाली बसले. बंडूभाऊ म्हणाले, "आजोबाले गाडीतच बसू द्या ना. तुमी पाहून घ्या."

"घर कोनासाठी पाहून राह्यलो आपन?" माय एकदम कडाडली. "गाडीसाठी का?"

आम्ही त्या दिवशी तिथे आणखी घरं पाहिली. रंग वेगवेगळे, जोती तीच. पश्चिमेला बेडरूम, तिला भली मोठी काचेची खिडकी. नांदुऱ्याच्या मे महिन्यात त्या खोलीत माणूस भाजेल. कूलर बसवायला जागा विचारली तर सगळ्यांचं एकच उत्तर, "एसी लावा ना, मॅडम." मी शाळेत मुलांना सूर्याची दिशा शिकवते. या लोकांना कोणी शिकवली नाही, की शिकून उपयोग नाही असं त्यांना वाटतं, देव जाणे.

खामगाव

खामगावला मोठी स्कीम होती. कमान, कारंजं, त्यात पाणी नाही. पाणी नाही यात नवल नाही. आमच्या जिल्ह्यातल्या शहरांना नळ किती दिवसांनी येईल हे नळालाही माहीत नसतं. पण घराखाली पाण्याचा टाका किती मोठा आहे असं विचारलं तर गळ्यात पट्टा लटकवलेला पोरगेला विक्रेता म्हणाला, "मॅडम, टाका ऑप्शनल आहे."

बुलढाणा जिल्ह्यात टाका ऑप्शनल!

इथे जोतं त्यामानाने कमी होतं. सतीशच्या आधाराने बाबा चढले. आत हॉल बरा होता. छतात पीओपीची कमळं. मी संडास विचारला. विक्रेत्याने अभिमानाने जिन्याखालचं दार उघडलं. "हे कॉमन टॉयलेट खास सिनिअर सिटिझनसाठी. त्यांना लांब जायला नको."

जिल्ह्यातल्या नव्या घरांची ही दुसरी रीत. जिना घरातून घ्यायचा, त्याच्याखाली जी तिरपी जागा उरेल तिथे संडास कोंबायचा, आणि तो घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या नावाने करायचा. बाबा उंच आहेत. त्यांनी आत पाऊल टाकलं आणि जिन्याच्या पोटाला कपाळ आदळलं. ठण्ण आवाज आला.

"सर, सर, हेड सांभाळा," विक्रेता म्हणाला.

बाबा कपाळ चोळत बाहेर आले. म्हणाले, "बाप्पू, मी जिंदगीभर गोदामात काम केलं. थप्पी छताले लागे. कधी डोकं नाही फुटलं. अन् तू मले हागाले बसवतानी फोडून राह्यला."

सतीश भिंतीकडे तोंड करून हसत होता. मला हसू आलं नाही. मी त्या मुलाला त्या संडासात शिरायला लावलं. तो वाकून शिरला. "आता बसा," म्हटलं. बसला. "आता दार लावून घ्या." दार आत उघडणारं होतं. ते त्याच्या गुडघ्याला लागलं आणि अर्ध्यावर थांबलं.

"हे तुमच्या साहेबांना सांगा," मी म्हटलं. "तुमच्या साहेबांना वडील असतील."

बाहेर येऊन कचोरी खाल्ली. गरम होती, आत मुगाची डाळ, सोबत तळलेली मिरची. बाबांनी एक तुकडा मोडला आणि बाकीची सतीशच्या कागदावर सरकवली. कपाळावर टेंगूळ आलं होतं, पण खाणं त्यामुळे सुटलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत प्रवास होता.

उंद्री

खामगावहून चिखलीकडे निघालं की रस्ता घाट चढतो. घाटाखालचे लोक आणि घाटावरचे लोक असे आमच्या जिल्ह्याचे दोन भाग. हवा वेगळी, बोली वेगळी, आणि दोघांच्या मते आपलंच वरण चांगलं. सागाची पानं आता तांबूस होत होती. वळणावर बाया सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. वर आल्यावर तुरी पिवळ्या फुलांवर होत्या आणि सोयाबीनची वावरं रिकामी.

उंद्रीला माझ्या शाळेतल्या सहकाऱ्याचे थोरले भाऊ देवानंदभाऊ राहतात. त्यांनी नवीन बंगला बांधला आहे, "पाहूनच जा, तुम्हाला कल्पना येईल," असा निरोप होता. कल्पना आलीच. बाहेर सिंहाची दोन तोंडं. आत झुंबर. किचनमध्ये लाल कपाटं, वर धूर ओढायचं यंत्र. ओटा इतका स्वच्छ की त्यावर कधी कांदा कापला नव्हता हे उघड दिसत होतं.

"स्वयंपाक कुठे करता?" मायने विचारलं.

वहिनी पदराने तोंड झाकून हसल्या. "मागं पत्र्यात. इथं फोडणी दिली की भिंत पिवळी होती म्हणतेत हे."

सगळं घरच तसं होतं. पाहुण्यांसाठी हॉल, दाखवण्यासाठी किचन, आणि ज्यांनी बांधलं ते मागे पत्र्याखाली चुलीपुढे. एवढ्यात बाबांनी मायला खुणावलं. मायचा चेहरा उतरला. देवानंदभाऊंनी मोठ्या अगत्याने खालच्या मजल्यावरच्या बाथरूमचं दार उघडलं. कमोडवर खोक्याचा पुठ्ठा तसाच गुंडाळलेला, आणि सगळीकडे बियाण्याच्या सोयाबीनचे कट्टे.

देवानंदभाऊ ओशाळले. "मागं जुना हाय. पर तो पाहुन्याले दाखवाजोगा नाही."

"दाखवा," मी म्हटलं.

गोठ्याच्या बाजूला सरकारी योजनेतून बांधलेला तो संडास होता. पत्र्याचं दार, बाहेर उघडणारं. फरशी अंगणाच्या सपाटीला, उंबरा नाही. भिंतीत वाकवलेला लोखंडी पाइप पक्का गाडलेला; देवानंदभाऊंच्या आईला गुडघ्यांचा त्रास होता तेव्हा बसवला होता. बाबांनी पाइपला हात लावून पाहिला. मग माय आत यायला लागली तर त्यांनी काठीनेच तिला अडवलं. "तू राह्य बाहीर."

दार लागलं. आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

माय दाराबाहेर उभी होती. झटका आल्यापासून पहिल्यांदा तिच्या हाताला काम नव्हतं. तिने उगीच पदर सावरला, परत सावरला, आणि गोठ्यातल्या गाईकडे पाहत राहिली.

नंतर पत्र्यात पाटावर बसून वरण-बट्टी जेवलो. वहिनींनी बट्ट्या गोवऱ्यांत भाजून वर तुपात तळल्या होत्या, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. बाबांनी दोन बट्ट्या कुस्करल्या आणि तिसरी स्वतःहून मागितली. देवानंदभाऊ मला सारखे विचारत होते, बंगला कसा वाटला. मी म्हटलं, भाऊ, तुमच्या घरात सगळ्यात चांगलं बांधकाम गोठ्याशेजारी आहे. त्यांना ते आवडलं नाही. मी खरं तेच बोलले.

चिखली

मुक्कामाला चिखली. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, सांगितलंच आहे. सतीशने बाबांना पाठुंगळी घेतलं. "मोठेबाबा, हमाली लागन बरं का," तो म्हणाला.

"आधी काट्यावर घे," बाबा त्याच्या मानेवरून म्हणाले. "बिना वजनाची हमाली आपन देत नाही."

दोघं हसत वर गेले. मी काठी घेऊन मागे होते.

सकाळी जी रो-हाउसं पाहिली ती खरंच चांगली होती. खोटं कशाला बोलू. जोतं बेताचं, पायऱ्या रुंद आणि खरखरीत, संडास सपाटीला, उजेड उत्तरेचा. बाबा आपणहून आत गेले, आपणहून संडासात डोकावले, बाहेर येऊन म्हणाले, "हे बरं हाय." हे शब्द या फेरीत पहिल्यांदाच ऐकले.

हॉलच्या कोपऱ्यात पक्क्या ग्रॅनाइटचं देवघर होतं. मालक शेठ स्वतः दाखवत होते. "हे आम्ही फिक्स देतो. वास्तूप्रमाणे आहे."

माय सहज म्हणाली, "इथं बुद्धमूर्ती छान दिसन."

शेठने आमच्याकडे एकदा नीट पाहिलं. "हो, हो, दिसेल ना." मग गप्पा मारल्यासारखं विचारलं, "नांदुऱ्याला तुम्ही कोणत्या नगरात राहता?" मी सांगितलं. ज्यांना हा प्रश्न कधी कोणी विचारला नाही त्यांना तो साधा वाटेल. आम्हाला तो लहानपणापासून पाठ आहे. आडनाव विचारायची लाज वाटली की लोक नगर विचारतात.

शेठने फोन लावला, बाजूला जाऊन बोलले, परत आले. "मॅडम, ही पुढची लाइन अख्खी बुक झालेली आहे. माझ्या लक्षातच नव्हतं. मागच्या लाइनमध्ये आहे एक. तिकडे तुमच्या समाजाची दोन घरं आहेत, आईंना सोबत होईल, करमेल."

मागची लाइन नाल्याच्या काठाला होती. पूर येतो म्हणून तिथली जोती डोक्याएवढी.

"शेठ," मी म्हटलं, "मी भूगोल शिकवते. नकाशात नाला कुठे दाखवतात ते मला कळतं, आणि नाल्याकाठी कोणाला बसवतात तेही. बुक झालं तर एवढंच सांगा, कोणाच्या नावाने झालं."

"तुम्ही गैरसमज करून घेता."

"ताई, चाल," सतीश म्हणाला. त्याचा आवाज एरवीसारखा नव्हता. "नाहीतर मी काही बोलून बसीन."

मला त्या घराचा राग येत नव्हता. राग याचा येत होता की घर चांगलं होतं. बाबा आत फिरले होते. वाईट घरं आम्हाला सगळ्यांनी आनंदाने दाखवली.

बीबी

बीबीला जायचं कारण घर पाहणं नव्हतं, पण शेवटी तेच झालं. मावशीच्या मुलाचा, विलासचा, गृहप्रवेश होता. बीबी म्हणजे बाजाराचं गाव. रस्त्याला लागून त्याने प्लॉट घेतला, खालच्या बाजूला दोन गाळे काढले, आणि घर त्यांच्यावर. म्हणजे जोतंच एका मजल्याचं. समोर मंडप, पांढरे कपडे घालून जमलेले नातेवाईक, वंदना झाली, खीर आली. जालन्याकडची बोली कानावर पडायला लागली होती. विलास हौशी मुलगा. प्रत्येकाला वर नेऊन दाखवत होता.

आम्ही खाली मंडपातच बसलो, बाबांमुळे. विलास धावत आला. "काका, असं कसं? वर चला की! तुम्ही घर बघितल्याबिगर जायचं न्हाई."

"मी खालूनच पाह्यलं," बाबा म्हणाले. "मोठं केलं. चांगलं केलं."

मी वर गेले. मावशी आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. नवी साडी, केसात फूल. मला पाहून तिने माझा हात धरला तो सोडेना.

"मावशी, खाली चल ना. बाबा, माय खाली आहेत."

"उतरता येत न्हाई गं बाई. गुडघे धरत न्हाईत. ह्या घरात राहायला आले तवापासून मी खाली न्हाई गेले." मग खिडकीकडे बोट केलं. "जुन्या घरी ओट्यावर बसले की समद्या बाया यायच्या. आता त्या खालून हात करतेत. मीबी करते."

घर महिन्यापूर्वीच तयार झालं होतं, आज फक्त विधी होता. मी खाली आले ती तापूनच आले. विलास मोटारसायकलची घसरण कोणाला तरी समजावून सांगत होता. गाळ्यांच्या बाजूने त्याने गाडीसाठी लांब, छान, कमी उताराचा रस्ता काढला होता आणि तो मागच्या पार्किंगला जाऊन थांबत होता. तिथून घरात जायला परत पायऱ्या.

"विलास," मी म्हटलं, "मावशी महिनाभर वर अडकून आहे, तुला माहीत आहे का?"

"अडकून काय म्हणता ताई? समदं हाय वर. टीव्ही हाय, बाथरूम हाय. कशाला उतरायचं तिला?"

"तिला विचारलं होतंस?"

"तुम्ही शिकल्या ताई, तुम्हाला समद्यात खोट दिसती." लोक बघायला लागले तसा तो लाल झाला. "आमच्या खानदानात पहिलं पक्कं घर हाय हे. माझ्या बापाला कुणी गावात खुर्ची दिली न्हाई. आता समद्या गावाला मान वर करून बघावं लागतं. म्हणून उंच केलं. केलं मी उंच!"

त्याचं बोलणं मला कळत होतं. तेच जास्त बोचलं. मी काही बोलणार तेवढ्यात खुर्चीतून बाबा बोलले. ते चारचौघांत कधी बोलत नाहीत.

"तुहं बराबर हाय विलास. उंच कर. पन तू गाडीले उतार केला अन् मायले पायऱ्या केल्या. तुही गाडी कदी म्हातारी झाली त बदलशीन. मायचं काय करशीन?"

कोणीतरी हसलं. विलासला ते फार लागलं. तो तिथून निघून गेला आणि आम्ही निघेपर्यंत आला नाही. माय रस्त्यावर उभी राहून वर खिडकीकडे बघत होती. दोघी बहिणींनी एकमेकींना हात केला. तीस पायऱ्यांच्या अंतरावरून. आधी बाबांना सोडून आणि मग भांडण झाल्यावर वर जायला माय तयार झाली नाही; बहिणीला भेटायला आलेली ती न भेटताच परत निघाली. मी गाडीचं दार इतक्या जोरात लावलं की सतीश म्हणाला, "ताई, गाडीनं काय केलं?"

"उतार मागितला," मी म्हटलं.

चिखली, परत

परतताना मायने निर्णय देऊन टाकला, "आपल्याले काही घर भेटत नाही." बाबा म्हणाले, पत्र्याची खोली काय वाईट आहे. मला दोघांचाही राग आला, आणि त्या रागातच मी सतीशला बुलढाणा रोडला एका अर्धवट बांधकामापाशी गाडी थांबवायला सांगितली. स्लॅब पडला होता, विटा उघड्या, प्लास्टर बाकी. ठेकेदार रफिकभाई तिथेच पाणी मारून घेत होते. ते एका वेळी एकच घर बांधतात आणि विकतात.

त्यांनी आमच्यातल्या कोणालाच नगर विचारलं नाही. बाबांकडे पाहून म्हणाले, "चाचा, बसा. विटांवर बसा, पर बसा."

मी थेट सुरू केलं. जोतं फोडून कमी करता येईल का? संडासची फरशी खाली घ्या. जिन्याखालून तो काढा. दार रुंद करा आणि बाहेर उघडू द्या.

"जोतं नाही मॅडम," रफिकभाई म्हणाले. "जोतं कमी केलं त पाऊस घरात. ते मी नाही करनार, तुमी रागवा चाहे काहीबी करा."

भांडण झालं. चांगलं तासभर झालं. त्यांचंही खरं होतं. समोरचा रस्ता उतरणीचा होता, पाणी तिथेच येणार. मग मी म्हटलं, ठीक आहे, जोतं राहू द्या, पण समोर जो मोठा पोर्च काढला आहे तो काढून टाका. त्या सगळ्या जागेत वळवून लांब उतार करा, दोन्ही बाजूंना कठडा लावा.

"पोर्च काढला त घराची शोभा गेली! गाडी कुठं लावनार?"

"गाडी नाही माझ्याकडे. घेतली तर रस्त्यावर उभी राहील. गाडीला पावसाचं दुखत नाही."

"अन् संडास इथं आणला त ईशान्य कोपऱ्यात येते. मी नाही मानत, पर घेनारा मानते. उद्या विकाले गेल्या त कोनी हात नाही लावनार."

पूर्ण फेरीत माझ्या कानावर हेच पडलं होतं. नांदुऱ्यात, खामगावात, चिखलीत, सगळीकडे घर बांधणारा माणूस पुढे ते घेणाऱ्या माणसाचा विचार करत होता, आणि त्या घरात राहणाऱ्याचा कोणीच करत नव्हता.

"रफिकभाई, मला विकायचं नाही. राहायचं आहे."

ते बाबांकडे वळले. "चाचा, पोरगी तिखट हाय."

"तिखटच खाऊन वाढली," बाबा म्हणाले.

संडासच्या दारावरून परत अर्धा तास. बाहेर उघडणारं दार म्हणजे लोक हसतील, हॉलमधून दिसेल, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, आत माणूस पडला आणि दार त्याच्याच अंगावर अडकलं तर तुम्ही कसं उघडाल? त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, आणि मिस्त्रीला हाक मारली. "चौकट काढ बे. उलटी बसवाची हाय."

मायने टाक्यात वाकून पाहिलं आणि ओरडून आवाज घुमतो का ते ऐकलं. टाका मोठा होता. तिने मान डोलावली.

आता आम्ही तिघं तिथे राहतो. रंग साधा पांढरा आहे, सिंह नाहीत, पोर्च नाही, आणि येणारे-जाणारे विचारतात की समोर एवढा लांब उतार कशाला, दवाखाना आहे का. घर माझ्या नावावर आहे. आमच्या खानदानातलं ते पहिलं पक्कं घर. बाबा संडासला एकटे जातात.